तपकिरी बर्चभोवती

२१ जून २०२४, शुक्रवार

केलं. मी केलं! उल्का, वय एक्कावन्न, औषधांच्या कंपनीत स्टॅटिस्टिशियन, जन्मभर बायकांच्या उपासतापासांची टिंगल करणारी — आज सकाळी क्लबहाउससमोरच्या झाडाला फेऱ्या मारून आले. वटपौर्णिमा म्हणून. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये वड कुठला? म्हणून बर्चला!

लोक कुत्री घेऊन बाहेर पडायच्या आत उरकलं. सुती धागा घरात नव्हता, आणि असता तरी नेला नसता. पांढरा धागा कुणालाही दिसला असता. परीक्षितच्या मासेमारीच्या डब्यातून तंगूस काढली. पारदर्शक नायलॉन, दोन हातांवरून दिसत नाही. सात वेढे दिले आणि सुरगाठ मारली. निरगाठ मारायची हिंमत झाली नाही. सुरगाठ बरी, टोक ओढलं की सुटली. म्हणजे आपण काही केलंच नव्हतं असं म्हणायला मोकळे.

तिथे बर्च दोन आहेत. मार्चमध्ये आमच्या वसाहतीच्या कमिटीने लावले, तेही माझ्याच सांगण्यावरून. प्रवेशाच्या रस्त्यावरची जुनी पेअरची झाडं वादळात आडवी झाली, तिथे बर्चची रांग लावायची ठरली. पण बर्च कोणता? अर्ध्या लोकांना पेपर बर्च हवा — पांढराशुभ्र, फोटोत देखणा. अर्ध्यांना रिव्हर बर्च — तपकिरी, साल पापुद्र्यांनी सुटलेली. दोन्ही याच देशातले, पण पांढरा थंड उत्तरेकडचा आणि तपकिरी इथल्या ओढ्याकाठचा. भांडण वाढायला लागलं तेव्हा मी म्हटलं, एकेक लावून बघू, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत. नोंदी मी ठेवते. सगळ्यांनी माना डोलावल्या. उल्का म्हणजे निष्पक्ष!

तर त्या निष्पक्ष बाईने तपकिरी निवडला, कारण त्याच्या पापुद्र्यांत तंगूस लपते. पांढऱ्याच्या गुळगुळीत खोडावर चमकली असती. नवस करायचा तोही चोरासारखा! श्रद्धेची लाज वाटते की चोरीची, तेच कळेना.

परीक्षितच्या रक्ताचा रिपोर्ट यायचाय. पांढऱ्या पेशी जास्त आल्यात, दुसऱ्यांदा. सात जन्म वगैरे मागितले नाहीत मी. हा एक पुरता होऊ दे, एवढंच म्हटलं.

२२ जून

काल ते करून घरी आले, चहा टाकला, तोवर मैत्रिणींच्या ग्रुपवर हिमानीचे फोटो. हिमानी नागपूरची, चार घरं सोडून राहते, माझ्याबरोबर लँडस्केप कमिटीतही आहे. तिच्या डेकवर कुंडीतला वड, भोवती नऊवारीत बायका, नथी, आंबे, सगळा थाट.

मी काय लिहावं? "कुंडीतला वड! सात जन्म की सात इंच?"

धो धो हसू. हिमानीनेही हसरा चेहरा टाकला. तंगुशीने बोट कापलं होतं, त्याच बोटाने मी हे टाइप केलं. निर्लज्ज बाई!

८ जुलै

क्रॉनिक ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर! पण डॉक्टर शांत होत्या. हळू चालणारा प्रकार आहे, म्हणाल्या. कित्येक जण वर्षानुवर्षं औषधाशिवाय राहतात. "वॉच अँड वेट." दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, बाकी काही करायचं नाही. काही करायचं नाही, हेच मला जमत नाही.

गाडीत परीक्षित म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही हं. ते कळवळलेले चेहरे नकोत मला." फक्त रत्नागिरीला त्याच्या ताईंना सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, मंतरलेला गंडा कुरियरने पाठवते. हा स्पीकरवर हसायला लागला. "ताई, दोऱ्याने पेशी कमी होत असत्या तर हॉस्पिटलं कशाला बांधली असती गं?"

मी भेंडी चिरत होते. मीही हसले. त्याच्याहून जोरात.

१८ ऑगस्ट

ऊन भाजून काढतंय. आज झाडं मोजली. पांढऱ्याची पानं कडेने करपलीत, वाढ बेताची. तपकिरी मात्र या लाल चिकणमातीत मजेत आहे, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेलाय. हिमानी पाण्याची बादली घेऊन आली होती. तिने गावातल्या बागकामाच्या वर्गात हे सगळं शिकून घेतलंय. "मी बोलली होती ना उल्का? हे झाड इथलं आहे. पांढरा उन्हाने थकतो, मग खोडात अळी शिरते. तीन-चार वर्षांत खलास. दिसायला बाकी राजबिंडा. आपलं भूर्जपत्र म्हणतात ना, ते याच्याच कुळातलं."

मी पटापट नोंदी घेत होते, तिने खोडाकडे बघू नये म्हणून मध्येच उभी राहून.

ती गेल्यावर बघितलं. तंगूस सैल आहे, बोट सहज जातं आत. टोक धरलंही होतं ओढायला. मग आठवलं, डिसेंबरमध्ये रक्त आहे. तेवढं होऊन जाऊ दे, मग सोडते.

बांधताना काडीचा विश्वास नव्हता. सोडायच्या वेळी कुठून आला?

५ डिसेंबर

जितक्या होत्या तितक्याच! पेशी वाढल्या नाहीत!! डॉक्टर म्हणाल्या, असंच चालू दे.

येताना जिलेबी घेतली. आल्यावर परीक्षित गॅरेजमध्ये गळ बांधत बसला. शनिवारी तळ्यावर जायचंय. मी दारात उभी राहून बघत होते. पाच वेढे घ्यायचे, थुंकीने ओलं करून करकचून ओढायचं, उरलेलं टोक लायटरने भाजायचं की त्याचं बारीक बोंड होतं. "आता तंगूस तुटेल, गाठ नाही सुटणार," म्हणाला. दर वेळी म्हणतो. रत्नागिरीच्या बंदरावर कुणा काकांनी शिकवलेलं, त्याची ऐट अजून गेलेली नाही. किती बरा दिसत होता.

झाडाची सुरगाठ सोडलेली नाही. आता तर कशी सोडू? लागू पडलेलं औषध कुणी बंद करतं? ऑफिसात एखाद्या पोराने असं लिहून आणलं असतं तर मी त्याला खुर्चीवरून उठवला असता.

११ जानेवारी २०२५

काल बर्फाळ पाऊस. बर्च वाकले असतील. बघायला जायची भीती वाटते. सुटली असली तर? परीक्षित फिरून आला, बराच वेळ लावला. म्हणाला, "दोन्ही झाडं ठीक आहेत तुझी. काळजी करू नको."

३० मार्च

पांढरा फुटला, कोवळी पानं, फोटोत शोभेल असा. तपकिरी मागे आहे. मागे का असावा? पानंही बारीक. नोंदीत लिहिलं, "थंडीचा परिणाम?" प्रश्नचिन्हामागे किती लपता येतं!

१० जून

वटपौर्णिमा. हिमानीचा निरोप आला होता, खास मला. "या वर्षी ये ना यार, पूजा नको करू, नुसतं पुरणपोळी खायला ये." मी लिहिलं, मीटिंग आहे. मीटिंग नव्हती.

झाडाशी गेले. पापुद्रे बाजूला करून बोट फिरवलं. बोट आत जातच नाही! तंगूस खोडात रुतलीय, वर आणि खाली खोड फुगलंय. घट्ट नाडीने कमरेवर वळ उठतो तसं. गेल्या वर्षी एवढी सैल होती. आणि सुरगाठ ना ती? नायलॉन, तेही निसरडं. खोड वाढलं की आपोआप सुटायला हवी होती. गाठ शोधायला मागच्या बाजूला वळले, तेवढ्यात कुणीतरी कुत्रं घेऊन आलं. मी पानं मोजायला लागले.

पांढऱ्याला बांधली असती तर एवढी रुतलीही नसती. तो वाढतोच किती? हा झरझर वाढतो म्हणून सापडला. तपकिऱ्याचा गुण होता तोच त्याला नडला, आणि माझ्या नोंदीत तो आता नापास होतोय.

कात्री घेऊन जायला हवं. उद्याच. पण पुढच्या आठवड्यात रक्त आहे.

१९ जून

पेशी तेवढ्याच. देवा! (कुठला देव? कुणाला म्हणतेय मी?)

कात्री पर्समध्ये आहे. पर्समध्येच आहे.

३ ऑगस्ट

तपकिऱ्याचा शेंडा वाळला. अर्धं झाड पिवळं.

अंकुर भेटला. एचओएचा, म्हणजे आमच्या सोसायटीचा प्रेसिडेंट, इथेच जन्मलेला, भला मुलगा आहे. "काकू, आय वॉज शुअर रिव्हर बर्च जिंकणार. पण डेटा इज डेटा, राइट? व्हाइट इट इज." म्हणजे माझ्या नोंदींच्या जोरावर सगळ्या रस्त्याला पांढरे बर्च लागणार, आणि तीन-चार वर्षांत एकेक करून मरणार. हिमानी रोज येऊन माती उकरून बघते. पाणी जास्त झालं का, मुळं कुजली का. काल म्हणाली, "माझंच काही चुकलं असेल." मी म्हटलं, "असेल."

असेल!! जीभ कशी झडली नाही माझी?

कात्री एकदा बाहेर काढलीसुद्धा. झाड हवं की नवरा, असं कुणी विचारलेलं नाही मला. तरी मी त्याचंच उत्तर देत उभी राहते, आणि परत येते.

१४ सप्टेंबर

मीटिंग झाली. हे लिहायलाच हवं, नाही तर मी तेही विसरल्याचं सोंग करेन.

अंकुरने पडद्यावर फोटो लावला. तपकिऱ्याचं खोड, पापुद्रा उचललेला, आत चमकणारी रेष. "फिशिंग लाइन. समबडी टाइड इट. बोर्डाचं ठरेपर्यंत प्लीज कुणी टच करू नका." खोलीत कुजबुज. मग तो अवघडून म्हणाला, "हिमानी काकू, डोन्ट माइंड, पण तुमचा ग्रुप वटपौर्णिमेला झाडांना थ्रेड बांधतो ना?"

"आम्ही माझ्या कुंडीतल्या वडाला बांधतो," हिमानी म्हणाली. "सुती. आणि संध्याकाळी काढून टाकतो. झाडाला काचायला नको म्हणून मीच काढते."

"ओके, पण ग्रुपमधल्या कुणीतरी..."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "सात जन्म की सात इंच?" सगळे हसले. माझा विनोद! बायकांनी घरी जाऊन नवऱ्यांना सांगितलेला, वर्षभर फिरून परत आला.

हिमानीचा चेहरा उतरला. तिने सरळ माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, भरवशाने. "उल्का, तू तर दर महिन्याला बघते. तुला कधी दिसलं का काही?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. नाही. आणि कागद नीट लावत बसले. ती थोडा वेळ थांबली, मला वाटतं मी आणखी काही बोलेन म्हणून. मग उठून गेली. तिची पाण्याची बाटली टेबलावर राहिली, ती मी घरी घेऊन आले. समोर ओट्यावर आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

मला स्वतःची किळस येते. धागा बांधला याची नाही आता. तो बांधणाऱ्या बाईची मला दया येते, घाबरली होती बिचारी. आज जी "नाही" म्हणाली, तिची किळस येते.

१५ सप्टेंबर

हिमानीने कमिटी सोडली. ग्रुपही.

१७ सप्टेंबर

जेवताना परीक्षितने विचारलं, मीटिंगमध्ये काय झालं म्हणे? सांगितलं. तंगूस सापडली, हिमानीवर आलं, लोक हसले. माझ्या वाटचं सांगितलं नाही. त्याचा घास हातातच राहिला. "हिमानीवर कसं काय?" म्हणाला. मग ताट तसंच ठेवून गॅरेजमध्ये गेला. वाटलं, याला संशय आला. तंगूस त्याच्याच डब्यातली.

मी खरं सांगायचं म्हटलं तर लोक विचारणार, का बांधली? मग याचं दुखणं चव्हाट्यावर. कुणाला सांगायचं नाही हे मी कबूल केलंय. माझ्या भित्रेपणाला किती छान कारण मिळालं! त्याच्या आजाराच्या आड उभी आहे मी.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज मतदान होतं. अंकुरने माझ्या नोंदी वाचायला घेतल्या आणि मी उठले.

"ही तुलना रद्द समजा," म्हटलं. "तपकिऱ्याला तंगूस मी बांधली होती. गेल्या वर्षीच्या वटपौर्णिमेला. हिमानीचा किंवा कुणाचाच संबंध नाही. झाड चांगलं होतं, मी त्याचा गळा आवळला. का बांधली ते विचारू नका, ते माझं आहे. आणि तो सात इंचांचा विनोदही माझाच."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अंकुर नुसता "ओह, काकू" म्हणाला आणि मतदान पुढे ढकललं. त्याने झाडांच्या एका जाणकाराला फोनवर विचारलं होतं. तंगूस कापून टाका, म्हणाला, वरचं गेलं तरी रिव्हर बर्च खालून फुटतो कधीकधी. कापायचं काम मी मागून घेतलं.

मग बाटली घेऊन हिमानीकडे. दार उघडून तशीच उभी राहिली. मी सगळं सांगितलं, तिच्या तोंडावर "नाही" म्हटलं तेही. माफी मागितली. तिने बाटली हातात घेतली. मग म्हणाली, "भाऊजींना काय झालंय?"

मी एक अक्षर काढलं नव्हतं त्याबद्दल! म्हटलं, तुला कसं...

"बाप्पा! तुझ्यासारखी बाई झाडाला फेऱ्या मारायला उगाच जाईल का?" आणि मग, "आमच्यात यायचं होतं ना गं. सुती धागा दिला असता."

दारातच रडले मी. तिने आत बसवलं, पाणी दिलं, त्याच बाटलीत भरून. पण कमिटीत परत येशील का विचारलं तर मान हलवली. "नाही. लोक हसले ते हसलेच, उल्का. आणि तू समोर बसली होती." बरोबर आहे तिचं. तेवढं माझ्याकडे राहणारच.

परीक्षितला अजून सांगितलेलं नाही. उद्या कापून आणते, मग सांगते. भीती वाटते. खरंच वाटते, अजूनही! पण कापणार.

२८ सप्टेंबर

कापली. खोडाच्या मागच्या बाजूला पापुद्र्याखाली गाठ सापडली. सुरगाठ नव्हती. पाच वेढ्यांची निरगाठ, टोक लायटरने भाजून बोंड केलेलं.

घरी आले तेव्हा परीक्षित दारातच उभा होता. माझ्या हातातली तंगूस बघितली.

"जानेवारीत बर्फाने सुटून खाली पडली होती," म्हणाला. "मी परत बांधली."

"तू?"

"भीती वाटली गं."